रामोजी फिल्मसिटी: सिनेमानगरीतलं पक्षी उद्यान

हैदराबादहून विजयवाडा हायवेने निघालं की शहर मागे पडतं आणि अब्दुल्लापूरमेटजवळच्या खडकाळ माळावर रामोजी फिल्मसिटी लागते. ‘ईनाडू’ या तेलुगू दैनिकाचे संस्थापक रामोजी राव यांनी ती 1996 मध्ये उभारली. सुमारे 1,666 एकरांची ही जागा गिनीज बुकात जगातलं सर्वांत मोठं फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून नोंदलेली आहे. कारभार आजही रामोजी समूहाकडेच.

इथे आलेले सगळे ‘बाहुबली’ सिनेमातल्या माहिष्मती नगरीच्या सेटकडे धावतात, पण माझं म्हणणं, पक्षी उद्यानाला निवांत वेळ द्याच! रंगीबेरंगी मकाव आणि मान उंचावून आपल्यालाच न्याहाळणारे शहामृग बघून लहान मुलं तिथून हलत नाहीत. फुलपाखरांचं उद्यानही सुरेख आहे. राहायला ‘सितारा’ आणि ‘तारा’ ही हॉटेलं आतच आहेत.

आणि हो, आपल्या ‘ईटीव्ही मराठी’च्या बातम्याही इथूनच प्रसारित व्हायच्या!