विश्लेषण : आइस हॉकीचे स्केट्स नेहमीच्या बुटांपेक्षा लहान नंबरचे का घ्यावेत?

कॅनडात शाळा सुरू होतात त्याच सुमारास आइस हॉकीचा हंगामही जवळ येतो आणि क्रीडासाहित्याच्या दुकानांत मुलांसाठी स्केट्स शोधणाऱ्या पालकांची गर्दी होते. महाराष्ट्रातून तेथे स्थायिक झालेली कुटुंबेही त्यात असतात. ‘पाय वाढतोय, एक नंबर मोठाच घेऊ, पुढच्या वर्षीही चालतील,’ हा आपल्याकडचा हिशेब मात्र स्केट्सच्या बाबतीत उलटा पडतो.

मोठा नंबर घेतल्यास काय होते?

स्केटचे पाते जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते. वळणे, थांबणे, वेग घेणे हे सारे घोट्याच्या किंचित कलण्यावर अवलंबून असते आणि ते कलणे पात्यापर्यंत तत्काळ पोहोचावे लागते. बुटात टाच हलत असेल तर घोट्याला आधार मिळत नाही, तो आतल्या बाजूला झुकतो. मग नाड्या करकचून आवळल्या जातात, पाय बधिर होतो, टाचेला फोड येतात. ‘मुलाचे घोटेच कमकुवत आहेत,’ असा समज होतो. अनेकदा दोष बुटाच्या नंबरचा असतो. पण तो कळेपर्यंत मुलाचे मन खेळावरून उडालेले असते.

नंबर कसा ठरवतात?

स्केट्स साधारणपणे नेहमीच्या बुटांपेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतात. कंपनीनुसार हे प्रमाण बदलते, त्यामुळे उभे राहून दोन्ही पावले मोजून घ्यावीत आणि मोठे पाऊल प्रमाण मानावे. जाड लोकरी मोजे टाळून खेळताना घालायचे पातळ मोजेच घालावेत. नाड्या सैल ठेवून पाऊल पुढे सरकवल्यावर टाचेमागे पेन्सिलीच्या जाडीएवढी जागा उरावी. वाढत्या मुलांसाठी फार तर एका बोटाएवढी. मग टाच जमिनीवर हलकेच आपटून मागे बसवावी आणि नाड्या बांधाव्यात. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या टोकाला हलकेच टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे आली पाहिजेत. बोटे दुमडत असतील तर बूट लहान आहे.

लांबी जुळली की पुरे का?

नाही. रुंदी आणि खोलीही महत्त्वाची. बॉवर कंपनी ‘फिट १, २, ३’ अशी, तर सीसीएम ‘टेपर्ड, रेग्युलर, वाइड’ अशी वर्गवारी करते. खोलीसाठी सोपी चाचणी आहे. नाड्या सैल असताना वरून तिसऱ्या छिद्रांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवावी. ती पावलाला न टेकता दोन्ही कडांवर बसली तर खोली पुरेशी आहे. टेकली तर नाड्यांचा दाब पावलावर येऊन पुढे वेदना होतात. दुकानात दहा-पंधरा मिनिटे स्केट्स घालून बसल्यास कोठे टोचते ते कळते.

बूट ओव्हनमध्ये का ठेवतात?

अनेक स्केट्स उष्णतेने पायाच्या आकाराला बसवता येतात. दुकानातील खास ओव्हनमध्ये सुमारे ८० अंश सेल्सिअसला काही मिनिटे तापवून ते पायात घालतात आणि थंड होईपर्यंत बसून राहावे लागते. त्या वेळी चालायचे नसते. नंतर साधारण दिवसभर ते वापरू नयेत. घरच्या ओव्हनमध्ये तापमान सर्वत्र सारखे राहत नाही. त्यामुळे तो प्रयोग टाळावा. या प्रक्रियेने बारीकसारीक टोचणे कमी होते, चुकलेला नंबर बरोबर होत नाही.

नवे स्केट्स थेट बर्फावर चालतात का?

बहुतेक नव्या पात्यांना खेळण्याजोगी धार नसते. ती दुकानात लावून घ्यावी लागते. पात्याच्या तळाला खोलगट खाच पाडतात. अर्ध्या इंचाच्या त्रिज्येची खाच बरीच प्रचलित आहे. त्रिज्या लहान तर बर्फावर पकड जास्त, मोठी तर घसरण सोपी. खेळ संपल्यावर पाती पुसून कोरडी करावीत.

खर्चाचे गणित कसे बसवावे?

उच्च श्रेणीच्या स्केट्सची किंमत हजार कॅनेडियन डॉलरच्या पुढे जाते. नवशिक्या मुलाला त्यांची गरज नसते. मोठ्या नंबरच्या नव्या जोडीपेक्षा नेमक्या मापाची वापरलेली जोडी केव्हाही बरी. मात्र घोट्याचा भाग ताठ आहे ना आणि पाते धार लावून झिजलेले नाही ना, हे पाहावे. भारतात या निवडीची चैन सर्वांना नसते. २०२५च्या महिला आशिया चषकात कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात प्रामुख्याने लडाखच्या खेळाडू होत्या आणि तेथील अनेकींनी सुरुवात केली ती उसन्या, मापात न बसणाऱ्या स्केट्सवर. ज्यांना दुकानात बसून माप घेता येते, त्यांनी ती पंधरा मिनिटे वाचवू नयेत.