दाखला अलिबागला, अनुदान रोह्याला

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अ. र. अंतुले, म्हणजे आंबेतचे, आपल्याच जिल्ह्याचे. जिल्ह्याला त्या वेळी कुलाबा म्हणत, रायगड हे नाव पुढच्या वर्षी आले. ज्याला कमावता येत नाही आणि ज्याच्यामागे कमावणारे कोणी नाही, त्याच्या हातात सरकारने महिन्याला थोडे पैसे द्यावेत, एवढा साधा विचार या योजनेमागे होता. गावोगावच्या विधवा, दृष्टिहीन, अपंग माणसांना तिचा आधार झाला.

त्याच १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत स्वमग्नतेला (ऑटिझमला) पहिल्यांदा स्वतंत्र स्थान दिले. तोवर ती बालपणीच्या स्किझोफ्रेनियात मोडली जाई. या दोन घटनांची कागदोपत्री गाठ पडायला सदतीस वर्षे जावी लागली, आणि ती वर्षे फुकट गेली ती तेव्हा जन्मलेल्या मुलांची. आज ती माणसे चाळिशी ओलांडून गेली आहेत.

नागोठण्यात तेव्हा आयपीसीएलचा प्रकल्प यायचा होता. अंबा नदीच्या काठचे, रोहा तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव. इथे एखादे मूल नजरेला नजर देत नसेल, एकच वाक्य दिवसभर घोळवत असेल, एसटी स्टँडवरच्या हॉर्नने कान दाबून खाली बसत असेल, तर त्याला तपासायचे कुणी आणि कुठे? १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकार मानले. अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व, मानसिक आजार. स्वमग्नता त्यांत नव्हती. बुद्ध्यांक सत्तरच्या खाली निघाला तर ‘मतिमंद’ म्हणून दाखला मिळे, वर निघाला तर काहीच नाही. ज्या आईबापांनी पहिल्या दाराने मुलाला आत नेले, त्यांना दोष देणे मला कधीच पटलेले नाही. दुसरे दार बांधलेच नव्हते.

ते बांधण्याचे काम पालकांनीच लावून धरले. १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, त्यात स्वमग्नतेचे नाव देशाच्या कायद्यात स्पष्टपणे आले. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. ते पालकत्व पुन्हा मिळण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती या कायद्याने दिली. पुढे ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्यविमा योजना आली. दोन्ही गोष्टी मोलाच्या, पण दरमहाचा खर्च त्यातून निघत नव्हता.

खरा बदल झाला तो १९ एप्रिल २०१७ रोजी, २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम लागू झाल्यावर. प्रकार सातावरून एकवीस झाले आणि स्वमग्नता त्यांत आली. मोजायचे साधन आधीच तयार होते. ‘इसा’ ही भारतीय मापनपट्टी, तिच्यात चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज सत्तर झाली की चाळीस टक्के दिव्यांगत्व, आणि चाळीस टक्के म्हणजे सवलतींचा उंबरठा. सत्तरच्या खाली काही नाही. ही पट्टी भरली जाते ती समोरच्या निरीक्षणातून आणि पालकांना विचारलेल्या प्रश्नांतून. लहान मुलासाठी ते ठीक आहे. पण पंचेचाळिशीच्या माणसाचे बालपण सांगणार कोण? आई थकलेली असते किंवा गेलेली असते. शिवाय चारचौघांत कसे वागायचे हे वर्षानुवर्षे घोकून घोकून जो शिकला, तो तपासणीच्या अर्ध्या तासात तसाच वागून दाखवतो आणि त्याचे गुण कमी भरतात. त्या अर्ध्या तासानंतर तो दोन दिवस कोणाशी बोलत नाही, याला पट्टीत रकाना नाही.

ही तपासणी होते अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात. नागोठण्याहून वडखळ, पोयनाड करत तिथे जायचे. महामार्गाच्या रखडलेल्या कामाने गेल्या दशकात या वाटेचे काय केले, ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गर्दी, धूळ, ओळखीचे नसलेले आवाज, रांग, नावाचा पुकारा: ज्या माणसाला नेमका याचाच त्रास, त्याने हे सगळे सोसून त्रास सिद्ध करायचा. दाखला आणि त्यासोबतचे यूडीआयडी कार्ड मिळाले की एसटीत ७५ टक्के सवलत मिळते. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांवर असेल तर सोबत्यालाही निम्मे भाडे. मग उलट्या दिशेने रोह्याला, तहसील कार्यालयात. अनुदानाचा अर्ज तिथे. मंजूर झाला तरी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतोच.

आणि इथे मूळ अडचण उभी राहते. दिव्यांगांसाठी या योजनेची उत्पन्न मर्यादा आहे कुटुंबाला वर्षाला ५०,००० रुपये, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडे वर. घरातला एखादा भाऊ कंपनीत ठेकेदाराकडे लागला की घर मर्यादेबाहेर जाते. स्वमग्न माणसाची स्वतःची कमाई शून्य असते, पण मोजली जाते ती भावाची. अठराव्या वर्षी कायदा त्याला सज्ञान ठरवतो आणि पैशाच्या वेळी पुन्हा घरातले मूल करून टाकतो. ब्रिटनमध्ये अपंगत्वामुळे वाढणाऱ्या खर्चासाठी जो भत्ता देतात, त्यात घरचे उत्पन्न पाहतच नाहीत, त्या माणसाला काय काय अडते ते पाहतात. तिथेही तपासणीवर पुष्कळ तक्रारी आहेत. तरी प्रश्न निदान योग्य माणसाबद्दल विचारला जातो.

रकमेची कथाही सांगायला हवी. २०१६ च्या कायद्याचे चोविसावे कलम सांगते की दिव्यांगांना मिळणारे साहाय्य तशाच योजनेतल्या इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावे. सरकारच्या आर्थिक कुवतीची अट त्यात आहे, हेही खरे. पण २०२३ मध्ये अनुदान १,००० वरून १,५०० झाले तेव्हाही दिव्यांगांना इतरांइतकेच मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये माजी आमदार बच्चू कडूंनी मोझरीला उपोषण केले, त्यांची मागणी ६,००० ची होती. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी २,५०० रुपये मंजूर केले. वाढ मोठी आहे आणि तिचे श्रेय रस्त्यावर बसलेल्यांना द्यायला हवे. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनातला वाटा मात्र २०१२ पासून ३०० रुपयांवर थांबला आहे, आणि तोही दारिद्र्यरेषेखालच्या, ८० टक्क्यांवर दिव्यांगत्व असलेल्यांनाच.

उत्पन्नाची मर्यादा मात्र या वाढीबरोबर हलली नाही. त्यामुळे नागोठण्यातल्या बऱ्याच घरांत स्वमग्न मुलगा किंवा मुलगी अनुदानाला पात्र ठरेल ती आईवडील गेल्यावर, भाऊ वेगळा झाल्यावर, रेशनकार्डावर एकटे नाव उरल्यावर. ज्या दिवशी ते पात्र होतील, त्या दिवशी त्यांना घेऊन अलिबागला आणि रोह्याला जाणारे कोणी उरलेले नसेल. म्हणून मर्यादा किती वाढवायची हा वाद नंतरचा. सज्ञान दिव्यांग माणसाचे उत्पन्न घरापासून वेगळे मोजा, एवढी एक दुरुस्ती आधी हवी, आणि ती शासन निर्णयाने होण्यासारखी आहे.