ब्रश, बॉल आणि पेठ

कोल्हापूरला सगळे 'कलापूर' म्हणतात. आणि महाराष्ट्रात फुटबॉलचं खरं वेड बघायचं तर यावं लागतं तेही इथेच. पण एकाच गावातल्या या दोन वेडांची एकमेकांशी ओळख आहे का?

कोल्हापूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मिसळ, चप्पल, तांबडा-पांढरा, अंबाबाई, रंकाळा... संपली लिस्ट? आता तुमच्या ऑफिसातल्या कोल्हापूरकराला हाच प्रश्न विचारून बघा. तो आधी मिसळीवरून तुमच्याशी वाद घालेल, आणि सीझन चालू असेल तर मोबाइल काढून एक व्हिडिओ दाखवेल. खचाखच भरलेलं स्टेडियम, कडाडणारी हलगी, हवेत झेंडे आणि 'मार की रंऽऽ' अशी एकमुखी आरोळी. तुम्हाला वाटेल कोलकाता असेल, गोवा असेल. नाही बॉस, हे छत्रपती शाहू स्टेडियम, कोल्हापूर!

इथली लीग भरवते केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन. हिवाळ्यात सुरू होणारा सीझन उन्हाळ्यापर्यंत रंगतो. संघांची नावं मात्र युनायटेड, सिटी, रोव्हर्स अशी नाहीत. पाटाकडील तालीम मंडळ (प्रेमाने 'पीटीएम'), दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी... ही नावं म्हणजे गावाचा नकाशाच. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, रविवार पेठ. तुमचा जन्म कुठल्या गल्लीत झाला यावर तुमची टीम ठरते. बदलायचा ऑप्शन नाही! मग त्या संघातून आफ्रिकेतून आलेला एखादा स्ट्रायकर खेळत असला, तरी सीझनपुरता तोही पेठेचाच.

हे झालं एक कोल्हापूर. आता दुसरं.

दोन मार्कांचे बाबूराव

मास कॉमला असताना आम्हाला बाबूराव पेंटर 'होते'. फिल्म हिस्टरीच्या पेपरात दोन मार्कांची टीप. महाराष्ट्र फिल्म कंपनी, 'सैरंध्री' (१९२०), व्ही. शांताराम यांचे गुरू. लिहिलं, मार्क मिळाले, विसरलो. कोल्हापुरात फिरायला लागल्यावर कळतं की दोन मार्कांत मावणारा हा माणूसच नव्हे.

मूळ आडनाव मेस्त्री. घरात सुतारकाम, कोरीवकाम, चित्रकला. बाबूराव आणि त्यांचे आतेभाऊ-मामेभाऊ नात्यातले सहकारी आनंदराव, दोघंही आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. रस्ता, महाल, जंगल... पडदा खाली आला की प्रेक्षकांनी टाळी द्यावी असे पडदे. पुढे कॅमेरा तयार केला, सिनेमे काढले आणि त्या सिनेमांची पोस्टर्सही स्वतः रंगवली. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे भारतात आज टिकून असलेलं सर्वांत जुनं सचित्र सिनेपोस्टर मानलं जातं. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला थांबवून 'बघ इकडे' म्हणणारं चित्र काढायचा फंडा या गावाला शंभर वर्षांपासून माहीत आहे.

आणि बाबूराव एकटे नव्हते. जे. जे.त शिकून परत आलेले आणि इथली तळी, घाट, पाणवठे रंगवत राहिलेले आबालाल रहिमान. सिनेमाची पोस्टर्स रंगवणारे जी. कांबळे. सरकारी ऑफिसात तुम्ही शिवाजी महाराजांचं जे अधिकृत चित्र बघता ना, ते त्यांचंच. पडद्यावर हीरो आणि घरी लँडस्केप पेंटर असलेले चंद्रकांत मांडरे, ज्यांचं कलासंग्रहालय राजारामपुरीत आहे. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन या संस्थांतून आजही दरवर्षी पोरं-पोरी ब्रश घेऊन बाहेर पडतात. गंमत बघा, निसर्गचित्र काढायला बसलेला इथला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी कधी ना कधी रंकाळ्यातल्या संध्यामठासमोर बसलेला असतो. आणि त्याच संध्यामठाच्या नावाने एक संघ लीगमध्ये खेळतो!

तालीम : एक छप्पर, दोन वेडं

मग ही दोन कोल्हापुरं भेटतात कुठे? आर्ट गॅलरीत नक्कीच नाही. ती भेटतात तालमीत.

तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. पण कोल्हापुरात ती पेठेचं क्लबहाउस, कट्टा, मंडळ, सगळं काही आहे. गणपतीत देखावा तिथेच उभा राहतो आणि सीझनला टीमची जर्सीही तिथेच वाटली जाते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रात्र रात्र जागून थर्माकोल कापणारं, कापडावर ढग रंगवणारं पोरगं जानेवारीत गॅलरीत झेंडा घेऊन उभं असतं. त्याला कुणी आर्टिस्ट म्हणत नाही. तोही स्वतःला म्हणवून घेत नाही. पण रंग कसा दुरून दिसतो, अक्षर किती जाड हवं, गर्दीत नजर कुठे जाते हे त्याला पक्कं कळतं.

युरोपात या कामाला मोठं नाव आहे. स्टेडियमचा अख्खा स्टँड झाकणारं कापडी चित्र मॅचच्या सुरुवातीला उलगडतात, त्याला 'टिफो' म्हणतात. शब्द इटलीचा. भारतातही केरळ ब्लास्टर्सचे 'मंजप्पडा', बेंगळुरूचे 'वेस्ट ब्लॉक ब्लूज' हे चाहते टिफो करतात. जानेवारी २०२० मधल्या कोलकाता डर्बीत ईस्ट बंगालच्या पाठीराख्यांनी टिफोतून थेट निर्वासितांचा आणि नागरिकत्वाचा प्रश्न मांडला, आणि दुसऱ्या दिवशी चर्चा स्कोअरइतकीच त्या कापडाचीही झाली. मला विचाराल तर टिफो म्हणजे दुसरं काय हो? नाटकाचा पडदाच की! फक्त वरून खाली पडायच्या ऐवजी तो माणसांच्या डोक्यांवरून सरकतो. हे काम ज्या गावाच्या रक्तात आहे, तिथे ते शिकवायला इटलीहून कुणी यायची गरज नाही.

चौकट : जगाच्या भिंतीवर फुटबॉल

१९१३ : इटलीच्या उम्बेर्तो बोच्चोनीने फुटबॉलपटूची गती रंगवली. चित्रात खेळाडू शोधावा लागतो, वेग मात्र लगेच दिसतो.

१९५३ : एल. एस. लाउरीचं 'गोइंग टू द मॅच'. स्टेडियमकडे निघालेली काडीसारखी माणसं, मागे कारखान्यांची धुरांडी. २०२२ च्या लिलावात त्याला ७८ लाख पौंड मिळाले.

१९७७ : पॉप आर्टवाल्या अँडी वॉरहॉलने पेलेचं पोर्ट्रेट केलं.

२००६ : डग्लस गॉर्डन आणि फिलिप परेनो यांची झिदानवरची फिल्म. २००५ च्या एका मॅचमध्ये १७ कॅमेरे बॉलवर नव्हे, फक्त झिदानवर.

२०१२ : आदेल अब्देसमेदने झिदानने मातेराझीला मारलेल्या धडकेचा पाच मीटर उंच ब्राँझ पुतळा केला. पॅरिसहून तो दोह्याला गेला. लोकांच्या विरोधामुळे २०१३ मध्ये हटवला आणि २०२२ मध्ये पुन्हा मांडला.

यातली झिदानची फिल्म ऐकायला एकदम हटके वाटते ना? पण शाहू स्टेडियमवर बसून बघा. शेजारचे काका बॉलकडे बघतच नसतात. त्यांची नजर आपल्या गल्लीतल्या पोरावर. तो पळाला, थांबला, पडला, बूट बांधला... नव्वद मिनिटं तोच. १७ कॅमेऱ्यांचं काम दोन डोळ्यांत, फ्री!

भारतीय आर्टच्या जगातही हे कुणीतरी ओळखलं होतं. मूळ केरळचा, मुंबईच्या जे. जे.त शिकलेला रियास कोमू (२०१२ मध्ये सुरू झालेल्या कोची बिएनालेच्या दोन संस्थापकांपैकी एक) याने फुटबॉलवर बरंच काम केलं. २००७ च्या 'मार्क हिम' मालिकेत त्याने भारतीय फुटबॉलपटूंची पोर्ट्रेट्स मांडली. लाकडात फुटबॉलपटूंचे पाय कोरले. क्रिकेटर्सचे चेहरे ब्रश-पेस्टपासून सिमेंटपर्यंत सगळीकडे दिसतात त्या देशात, देशाकडून फुटबॉल खेळणारा मुलगा दिसतो कसा हे तुम्हाला माहीत आहे का, असाच जणू त्याचा सवाल. २०१७ मध्ये अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. वडील रिक्षाचालक. आता खरं सांगा, त्याचा चेहरा तुमच्या डोळ्यांसमोर येतो?

फ्लेक्सचा आणि ब्रशचा सामना

तर मग अडचण काय? अडचण आहे फ्लेक्स.

पूर्वी मॅचचा बोर्ड पेंटर रंगवायचा. आता रात्री डिझाइन, सकाळी प्रिंट. स्वस्त, झटपट, चकाचक. वर्ल्ड कपच्या महिन्यात मेस्सी-रोनाल्डो चौकाचौकात उभे. मला फ्लेक्सचा राग नाही, तोही एक प्रकारचा पॉप आर्टच म्हणा. पण फ्लेक्सला एकच भाषा येते : 'हार्दिक अभिनंदन'. वर नेत्यांचे मोठे चेहरे, बाजूला मंडळाच्या कार्यकर्त्यांची रांग, आणि ज्याने गोल मारला तो पोरगा खाली कोपऱ्यात, स्टॅम्प साइज. हरलेल्या टीमचा फ्लेक्स कधी बघितलाय? शेवटच्या मिनिटाला पेनल्टी हुकलेल्या मुलाचा? नाही ना. फ्लेक्सला हार दिसतच नाही.

आणि कोल्हापूरच्या फुटबॉलला हार पचवायला शिकणं फार गरजेचं आहे. पेठेच्या ईर्ष्येतून मैदानावर हाणामाऱ्या होतात, गॅलरीतून बाटल्या-दगड येतात, बंदोबस्त वाढतो, सामने थांबवावे लागतात. दोन पेठांतली खुन्नस स्टेडियमबाहेर गल्लीपर्यंत येते. मग केस होते वीस-बावीस वर्षांच्या पोरांवर. पुढे नोकरीसाठी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला काढायला गेलं की ती मॅच आठवते. हा खरा स्कोअर, आणि तो कुठल्याच फ्लेक्सवर छापून येत नाही.

अब्देसमेदचा पुतळा मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. वर्ल्ड कप फायनलमध्ये झिदानने स्वतःचा आणि टीमचा घात केला तो क्षण, आणि त्याचं स्मारक! जिंकल्याचे पुतळे जगभर आहेत. डोकं फिरल्याचा पुतळा दुर्मीळ. कला हे करू शकते. चुकलेला क्षण इतका मोठा करून ठेवायचा की त्याच्याभोवती फिरून तो सगळ्या बाजूंनी बघावा लागेल.

टिफो आला की भांडणं थांबतील असा भाबडा दावा मी करत नाही. सुंदर टिफो करणारे युरोपातले चाहतेही मारामाऱ्या करतातच. पण एक गोष्ट आहे. पन्नास फुटी कापड रंगवायला पाच-सहा रात्री लागतात. त्या रात्री पोरं तालमीत असतात, आणि समोरच्या पेठेला दाखवायला आपल्याकडे काय आहे याचा विचार करत असतात. शिव्या सुचायला एक सेकंद पुरतो. चित्र सुचायला स्वतःच्या पेठेकडे नीट बघावं लागतं.

आणि हे सगळं जुळवणं फार कठीणही नाही. 'रंगबहार' ही इथली संस्था टाउन हॉलच्या बागेत 'मैफल रंगसुरांची' भरवते. चित्रकार, शिल्पकार उघड्यावर काम करतात, बाजूला गाणं चालू असतं आणि लोक फिरत फिरत बघतात. तिथून शाहू स्टेडियम किती लांब? रिक्षा पकडायचा अवकाश! मग सीझनच्या पहिल्या मॅचआधी अशीच मैफल स्टेडियमच्या भिंतीशी का भरू नये? कलानिकेतन आणि दळवीजची पोरं, तालमीतले देखावेवाले, फ्लेक्समुळे काम कमी झालेले पेंटर, सगळे एकत्र. प्रत्येक पेठेला एक कापड. अट एकच : त्यावर कुठल्याही नेत्याचा चेहरा नको. आर्ट कॉलेजच्या मुलांना चार भिंतींपलीकडचा प्रेक्षक मिळेल, तोही हजारोंनी. आणि कापड धुऊन, घडी घालून पुढच्या वर्षी परत वापरता येतं. फ्लेक्सचं काय होतं, ते आपल्याला माहीत आहे.

मोठी मॅच जिंकली की कोल्हापूरची पोरं शिवाजी चौकात जमतात. गुलाल, हलगी, दंगा. मधोमध शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा. तिथे आधी गव्हर्नर लेस्ली विल्सनचा पुतळा होता. स्वातंत्र्य चळवळीच्या काळात तो गेला आणि १९४५ मध्ये हा बसला. घडवला कुणी? बाबूराव पेंटर यांनी. म्हणजे फुटबॉलचं कोल्हापूर इतकी वर्षं कलेच्या कोल्हापुरासमोरच नाचतंय. फक्त नाचणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक आहे, हा प्रश्न.

या गावाने एकदा एका माणसाच्या कामालाच त्याचं आडनाव करून टाकलं होतं : पेंटर. पुढच्या सीझनला एखाद्या पेठेने गॅलरीत कापड उलगडलं, तर त्याच्या कोपऱ्यात रंगवणाऱ्याची सही तेवढी असू द्या. दुरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात!