चेंगडूतील तिरफळ

आपल्याकडे हातगाडीवर ‘शेजवान’ म्हणून जो लालभडक प्रकार मिळतो, त्यावरून सिचुआन प्रांताच्या जेवणाची कल्पना करणे म्हणजे जत्रेतल्या पिपाणीवरून सनईची पारख करणे. गेल्या वर्षी सहलीच्या निमित्ताने त्या प्रांतातील चेंगडू शहरी जाण्याचा योग आला, तेव्हा हे पटले. गाडीवरच्या चटणीत मिरची असते, लसूण असते. सिचुआनचा प्राण असलेला मसाला तेवढा नसतो.

सोबतची मंडळी हॉटेलात वरणभाताची चौकशी करीत बसली. मी एका गल्लीतल्या खाणावळीत शिरलो आणि मोबाईलवर भाषांतर दाखवून, गोमांसाचा खिमा वगळून, ‘मापो टोफू’ मागवला. १८६२ च्या सुमारास याच शहरातील चेन नावाच्या खाणावळवालीने हा पदार्थ रूढ केला, असे सांगतात. बाईच्या तोंडावर देवीचे वण, म्हणून ‘मापो’! सोयाबीनच्या दुधाचे लुसलुशीत पनीर, मिरचीचे आंबवलेले वाटण, लाल तवंग, आणि वर कसलीशी करडी पूड.

पहिल्याच घासाला थबकलो. हे तर तिरफळ! ओठांना मुंग्या आल्या, जीभ बधिर झाली. तिथे त्याला ‘ह्वाज्याव’ म्हणतात. कोकणच्या तिरफळाचे ते चुलत भावंड. दोन्हींचे काळे बी टाकून सालच वापरतात. मिरची अमेरिकेहून निघून चीनला पोहोचली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी सिचुआनच्या जेवणाचा झणझणीतपणा या सालीनेच सांभाळला होता.

आमच्या घरी तिरफळ चोरूनच शिजे. वडील राजवाड्यावर गाणारे. गळ्याच्या धास्तीने आंबट-तिखटाला स्वयंपाकघरात मज्जाव. आई मालवणकडची. बडोद्यात ताजा बांगडा कुठला मिळायला! वडील परगावी बैठकीला गेले, की ती माळ्यावरची बरणी उतरवून तुरीच्या आमटीतच तिरफळे ठेचून घाली आणि आम्हां भावंडांना चूळ भरायला लावी. वडिलांच्या मागे ती सात वर्षे होती. पण बरणी काही माळ्यावरून खाली आली नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१३ मध्ये ही ओठांची थरथर मोजली. ती सेकंदाला सुमारे ५० कंपनांची भासते म्हणे. आमच्या काळी एकचा षड्ज सुमारे १३९ कंपनांचा. हिशेब केला, तर हा स्वर खर्जाच्याही खालच्या सप्तकात, तीव्र मध्यमाच्या आसपास येतो. वडिलांना सांगितले असते, तर कदाचित हसले असते. कदाचित नाहीच.

मी आणखी एक वाडगा मागवला. खाणावळवाल्याने माझ्या डोळ्यांतले पाणी पाहून तत्परतेने कोमट पाणी आणून ठेवले.

रात्री खोलीत मोबाईलवरचा तंबोरा लावून खर्ज भरला. ओठ अजून किंचित झणझणत होते. आवाज कुठेही बसलेला नव्हता.