सुरुंगाचं अर्धं भोक

रस्त्याकडेच्या खडकात वरून खाली गेलेली एक खोबण होती. हातभर लांब, बोट बसेल एवढी रुंद. पाण्यानं झालेली नव्हे. पाणी असं ओळंब्यात काम करत नाही. मी बोट घालून पाहिलं. वरच्या टोकाला ते सैल फिरलं, खाली जाता जाता घट्ट होत गेलं. मुलगी गाडीचं दार उघडं धरून उभी होती. तिला म्हटलं, "सुरुंगाचं भोक आहे हे. अर्धं. दुसरं अर्धं उडालेल्या दगडाबरोबर गेलं."

"बाबा, रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तुम्हाला," ती म्हणाली.

झाली खरी, पण बांधकाम खात्यात जन्म गेलेल्या माणसाची नजर घाटात गेल्यावर आधी दरीकडे वळत नाही, कापलेल्या बाजूकडे वळते. हा घाट अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेला, ॲशव्हिल शहराजवळ, ॲपलेशियन डोंगरांच्या ब्लू रिज रांगेत आहे. आपला काळा बसाल्ट इथे नाही. इथला खडक भूगर्भवाले ज्याला पट्टिताश्म म्हणतात तो, फिकट-गडद पट्ट्यांचा, मधूनमधून अभ्रक चमकणारा. त्या पट्ट्यांना आडवं छेदत ते भोक गेलं होतं. नीट पाहिलं तर ते गोलही नव्हतं, किंचित तिकोनी होतं. म्हणजे यंत्राचं नसावं, हाताचं.

हातानं भोक पाडायच्या दोन रीती. एकट्याची: डाव्या हातात पोलादी छिन्नी, उजव्यात चार पौंडांचा हातोडा. जोडीची: एक जण छिन्नी धरून बसतो, दुसरा उभा राहून आठ पौंडांचा, म्हणजे साडेतीन किलोहून जड घण दोन्ही हातांनी घालतो. धरणाऱ्याला इकडे 'शेकर' म्हणत. घाव पडला की त्यानं छिन्नी जराशी उचलायची, थोडी फिरवायची आणि पुन्हा टेकवायची, म्हणजे पुढचा घाव नव्या जागी बसतो. फिरवणं चुकत गेलं की भोकाला कोपरे पडतात आणि छिन्नी अडकते. भोकात पाणी ओतत राहायचं, त्यानं भुकटीचा चिखल होतो, आणि तो लांब दांड्याच्या चपट्या पळीनं उपसायचा. पहिली छिन्नी आखूड आणि रुंद तोंडाची. मग तिच्याहून लांब, पण तोंडाला केसभर अरुंद. मग आणखी लांब, आणखी अरुंद. प्रत्येक छिन्नीचं तोंड खडकात झिजत जातं, त्यामुळे भोकाचा तळ तोंडापेक्षा बारीक होतो. पुढची छिन्नी अरुंद नसेल तर ती तळाशी पोचणारच नाही. माझं बोट खाली घट्ट बसलं ते यामुळे.

बोथट छिन्न्यांचा भारा लोहाराकडे जाई. तो तोंड ठोकून धार काढी, तापवून पाण्यात बुडवी आणि मग धारेकडे सरकत येणारा रंग बघत बसे. वाळल्या गवतासारखा पिवळा रंग टोकाशी पोचला की पुन्हा पाण्यात. क्षणभर आधी बुडवली तर खडकावर टवका उडतो, क्षणभर उशिरा बुडवली तर ती चार घावांत मऊ पडते. पोलादाला पाणी देणं म्हणतो आपण, ते हेच. रस्त्याच्या कामावर सगळ्यात महाग माणूस हा असावा असं मला नेहमी वाटत आलं आहे, आणि हजेरीपटात तो नेहमी शेवटी असतो.

त्याच रस्त्याला पुढे ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ राहतात. मुलीच्या ओळखीचे. त्यांच्या पडवीत जुन्या छिन्न्यांचा जुडगा होता, आजोबांचा. माझा रस पाहून त्यांनी मागच्या अंगणातल्या एका दगडावर छिन्नी टेकवली आणि मला धरायला सांगितलं. घण त्यांच्या पुतण्यानं घेतला. पहिल्या घावाला मी डोळे मिटले. "डोळे उघडे ठेवा, पण हातोड्याकडे बघू नका, छिन्नीच्या डोक्याकडे बघा," म्हातारबुवा म्हणाले. कंप मनगटातून कोपरापर्यंत चढतो. दहाएक घावांनंतर हात आपोआप उचलू-फिरवू लागतो, आणि मग लक्षात येतं की कामावरची गाणी कशासाठी होती. घणवाला पुढचा घाव केव्हा घालणार हे शेकरला डोळ्यांनी नव्हे, कानांनी कळावं लागतं. जॉन हेन्री नावाच्या काळ्या घणकऱ्यानं वाफेच्या यंत्राशी पैज लावली आणि ती जिंकून प्राण सोडला, ही दंतकथा याच डोंगरांतली, वेस्ट व्हर्जिनियातल्या बिग बेंड बोगद्याशी जोडलेली. बोगदा 1870 ते 1872 मधला. सगळे जॉन हेन्रीबद्दल बोलतात. मला त्या दिवशी त्याच्या शेकरची काळजी वाटली.

पंचवीस-तीस घावांत आम्ही दगडात अर्धा पेर गेलो. तेवढ्यात मुलीनं, "बाबा, बास आता," म्हणून छिन्नी काढून घेतली. 1972 च्या दुष्काळात मी नवा कनिष्ठ अभियंता म्हणून पाथर्डीकडे कामावर होतो. वडार मंडळी सुरुंगाची भोकं मारत आणि पुढे शेकडो बायामाणसं खडी फोडत बसत. मी मोजमाप घेई. छिन्नी एकदाही हातात धरली नव्हती.

भोक पुरेसं खोल गेलं की ते कोरडं करून त्यात दारू भरायची, वात सोडायची, वर चिकणमाती ठासायची. ठासणी लाकडाची, कारण लोखंडाची ठिणगी पडते. काळी दारू खडकाला ढकलते, डायनामाइट त्याचा चुरा करतं. माझी खोबण इतकी साफ राहिली त्यावरून तिथे काळी दारूच वापरली असेल, असा माझा अंदाज.

एवढा सरंजाम 1900 च्या सुमाराला डोंगरातल्या फार थोड्या रस्त्यांच्या वाट्याला येई. बहुतेक ठिकाणी ओढा हाच रस्ता होता. दोन्हीकडे चढ, सपाट जागा म्हणाल तर ओढ्याचं पात्र, म्हणून खेचरं आणि गाड्या पाण्यातून जात, आणि पाणी वाढलं की रस्ता बंद. चढाच्या वाटांवर चाक चालत नसे, तिथे घसरगाडी. तिच्या पट्ट्या सावरवुड नावाच्या झाडाच्या, कारण त्याची खोडं जात्याच वाकलेली असतात. मका, लाकूड, आजारी माणूस आणि शवपेटी याच गाडीवरून जात. मक्याची पोती बाजाराला नेणं परवडत नसे. त्याच मक्याची दारू गाळली तर कितीतरी कमी ओझ्यात तेवढेच पैसे येत. चोरट्या दारूबद्दल या डोंगराळ लोकांची बदनामी पुष्कळ झाली. तिच्यामागचं वाहतुकीचं गणित मात्र कोणी फारसं मांडत नाही.

रस्त्याची निगा लोकांनीच ठेवायची. 18 ते 45 वयाच्या धडधाकट पुरुषांनी वर्षातले काही दिवस बिनमजुरी रस्त्यावर राबायचं, असा उत्तर कॅरोलायनाचा जुना कायदा. गावातलाच एक जण मुकादम. त्याला श्रमदान म्हणावं की वेठ, हे ज्याच्या त्याच्या शेतात त्या आठवड्यात काय उभं होतं त्यावर. सुधारणावाल्यांच्या लिखाणात या मंडळींची टिंगल फार: सकाळी उशिरा यायचं, फावड्यावर रेलून गप्पा मारायच्या, खड्ड्यात माती लोटायची आणि घरी जायचं. मला ही टिंगल पटत नाही. हीच माणसं कुऱ्हाडीनं ओंडके तासून घरं उभी करत, मैल मैल कुंपणाच्या पट्ट्या फोडत. रस्त्याचा वैरी पाणी. गटार नाही, मोरी नाही, मधल्या भागाला उंची नाही, तर वर्षातले चार दिवस काय, चाळीस दिवस राबलं तरी पहिल्या पावसात सगळं वाहून जाणार. हे त्यांना कळत होतं. वाहून जाणाऱ्या कामावर कोण जीव ओततो?

चांगल्या रस्त्याची हाक आली ती गावाकडून नाही, शहराकडून. ॲशव्हिलमध्ये 1899 साली 'गुड रोड्स असोसिएशन' स्थापन झाली. हवा खायला येणारे पाहुणे आणि हॉटेलं यांवर चालणारं शहर. त्याला रस्ते हवे होते. शेतकऱ्याला कराची धास्ती. पण टपालखात्यानं घरोघर पत्र पोचवण्याची सोय सुरू केली तेव्हा जिथे रस्ता धड नाही तिथे टपाल नाही, अशी अट आली. 1 जानेवारी 1913 पासून पार्सलही टपालानं येऊ लागलं. मग कॅटलॉगमधली कापडं, बूट, चुलीचे सुटे भाग दारात मिळण्याचा मोह झाला, आणि कित्येक विरोधक त्या मोहानं मवाळ झाले असतील. मॉर्निंग वॉकला भेटणारे आमचे पुण्याचे मित्र रस्ता हवा म्हणतात तेव्हा त्यांनाही बहुतेक पार्सलच हवं असतं.

या कथेत एक तिसरा मजूर आहे आणि त्याला निवड नव्हती. शिक्षा सुनावताना न्यायाधीश 'इतके महिने रस्त्यावर' असं म्हणत. पायात बेड्या घातलेल्या टोळ्या, त्यांत काळ्यांचाच भरणा. 1910 सालचं एक छायाचित्र मी बराच वेळ बघत बसलो होतो: चाकांवरचे पिंजरे, आत बाकडी, त्यांत कैदी. ते पिट काउंटीचं, पूर्वेकडच्या सपाटीवरचं. डोंगरात त्याआधीच रेल्वेनं ही रीत रुजवली होती. स्वॅनानोआचा 1,832 फुटांचा बोगदा 1879 साली कैद्यांनी पाडला. डिसेंबर 1882 मध्ये काउई बोगद्याच्या कामावर जाताना टकसीजी नदीत नाव उलटली आणि बेड्यांसकट 19 जण बुडाले. माझी खोबण शेतकऱ्याची, मजुराची की कैद्याची, हे तिच्या तिकोनी आकारावरून सांगता येत नाही.

माती हलवायला ओढपाटी होती: लोखंडी सुपासारखी, मागे दोन दांडे, पुढे खेचर. मागून चालणाऱ्यानं दांडे जरा उचलले की पुढची कड माती खाते, दाबले की वर येते. टाकायच्या जागी जोरात उचलले की पाटी उलटते. कड एखाद्या मुळाला अडली तर पाटीऐवजी माणूस उलटतो. खेचरावरून पलीकडे गेलेल्यांच्या गोष्टी म्हातारबुवांच्या घरात अजून सांगतात.

1921 साली राज्यानं पाच कोटी डॉलरचे रोखे काढले, पेट्रोलवर गॅलनमागे एक सेंट कर बसवला आणि काउंट्यांची मुख्य गावं जोडायला साडेपाच हजार मैलांच्या आसपास रस्ते हाती घेतले. 1931 मध्ये काउंट्यांचे उरलेले रस्तेही राज्याकडे गेले. मुकादम, वर्षातले ते राबायचे दिवस, सगळं कागदावरून उतरलं. तोवर चेस्टनटची झाडंही मरायला लागली होती. न्यू यॉर्कमध्ये 1904 साली दिसलेली बुरशी विसाच्या दशकात इथवर पोचली. शरद ऋतूत पोरांनी चेस्टनट गोळा करायचे, दुकानदाराला द्यायचे आणि त्या पैशांत थंडीचे बूट घ्यायचे, हा डोंगरातला रोखीचा एक मोठा व्यवहार होता. रस्ता झाला आणि न्यायला चेस्टनट उरले नाहीत. न्यायला माणसं होती. ती खाली सपाटीवरच्या सूतगिरण्यांत गेली.

इंग्रज संगीतज्ञ सेसिल शार्प 1916 ते 1918 मध्ये एकूण 46 आठवडे या डोंगरांत हिंडून जुनी गाणी टिपत होता. रस्ते नव्हते म्हणून गाणी टिकली, असं पुष्कळ जण म्हणतात. असेलही. पण रस्ते नव्हते म्हणून बाळंतिणीही दगावल्या, आणि त्यांची गाणी टिपायला कोणी आलं नाही.

परतीला आम्ही पुन्हा त्या वळणावर थांबलो. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन चक्रीवादळाच्या पुरानं या भागातले रस्ते तोडले होते. पिजन नदीच्या घळीतला हमरस्ता कोसळला, काही वस्त्यांपर्यंत औषधं आणि अन्न चक्क खेचरांवरून पोचवावं लागलं, असं मुलीनं सांगितलं. या वळणाचा कठडा नवा होता, डांबर नवं होतं. खडकाच्या पायथ्याशी जुनी मोरी मात्र तशीच होती, चुन्याशिवाय रचलेल्या दगडांची, हातभर रुंदीची. वरून ओघळणारं पाणी तिच्यात शिरून रस्त्याखालून दरीकडे जात होतं. तोंडाशी ओकची पानं आणि फांद्या अडकल्या होत्या आणि पाणी तुंबून साइडपट्टीवर यायला लागलं होतं.

काठी शोधून मी पानं ओढून काढायला लागलो. मुलीनं गाडीचे इंडिकेटर लावले, हातातला फोन आत ठेवला आणि दुसऱ्या बाजूनं पाणी पडतंय का ते बघायला रस्ता ओलांडून गेली.

"येतंय," तिकडून ती ओरडली. "अजून थोडं काढा."