गोड्या पाण्यातील लाकडी होडीचे रंगलेपन : वऱ्हाडच्या संदर्भात

प्रस्तावना :
पातूर तालुक्यातील मोर्णा व निर्गुणा आणि महान येथील काटेपूर्णा या जलाशयांवरील मासेमारी हे अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन आहे. घरी बांधलेल्या लाकडी होडीचा रंग पोपडे धरून निघू लागला की फळी कुजू लागते आणि त्याबरोबर तिच्यावरची कमाईही धोक्यात येते. दोष बहुधा रंगाच्या डब्यास दिला जातो. वस्तुतः रंगाचे आयुष्य लाकडातील ओलावा ठरवितो. तो कसा, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

लाकूड आणि ऋतुमान :
लाकूड ओलाव्यानुसार फुगते व आकसते. हा बदल लांबीत नगण्य, परंतु रुंदीत लक्षणीय असतो. वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो, हवा अत्यंत कोरडी असते. जुलैत तीच दमट होते. या ओढाताणीत कडक रंग फळ्यांच्या सांध्यावर प्रथम तडकतो. तड्यातून शिरलेले पाणी मग रंगाला मागून ढकलते. म्हणून रंगकामापूर्वी लाकडातील ओलावा 15 टक्क्यांच्या खाली असावा. फेब्रुवारी-मार्च हा काळ त्यास अनुकूल होय. भर उन्हात मात्र रंगवू नये. वरची साय आधी वाळते, द्रावक आत अडकतो आणि फोड येतात.

सागाच्या अंगी नैसर्गिक तेल असते. अस्तर देण्याच्या तोंडावर पृष्ठभाग थिनरने पुसला नाही, तर उत्तम प्रायमरही धरत नाही. फळीची कापलेली टोके पाणी सर्वाधिक शोषतात. तेथे अस्तराचे दोन-तीन जादा हात द्यावेत. रंगारी ज्यास 'बेल तेल' म्हणतात ते जवसाचे तेल पहिल्या हातास चांगले, परंतु एकटे पुरेसे नाही. (त्याचे बोळे ढीग करून ठेवल्यास आपोआप पेट घेतात, हे अनेकांस ठाऊक नसते.)

किनाऱ्याचे अनुकरण कितपत योग्य ?
कोकणात होडीस मुशीचे तेल, काजूच्या टरफलाचे तेल आणि पाण्याखालील भागास तांबेयुक्त रंग लावण्याची रीत आहे. खाऱ्या पाण्यात टेरेडो हा शिंपल्याच्या कुळातील प्राणी लाकूड पोखरतो, हे तिचे एक प्रमुख कारण. आपल्या जलाशयांत तो नाही. येथील शत्रू बुरशी आहे, आणि तिला ओलाव्याबरोबर हवाही लागते. त्यामुळे कूज सदैव पाण्याखाली असलेल्या भागापेक्षा पाणरेषेलगत आणि पावसाचे पाणी साचणाऱ्या आतील तळाशी अधिक आढळते. आतला तळ कोरा ठेवून बाहेर तांबेयुक्त रंगावर खर्च करणे हे उलटेच झाले. शिवाय काटेपूर्णेचे पाणी अकोला शहर पिते. त्यात विषारी रंग नको. शेंदूर, म्हणजे शिशाचे अस्तरही, याच कारणास्तव टाळावे. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर 2016 च्या नियमांन्वये, 1 नोव्हेंबर 2017 पासून, दशलक्ष भागांत 90 भागांची मर्यादा आहे.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की होडी सावलीत पालथी घालून सांधे तपासावेत. सुटलेला रंगच खरवडावा, घट्ट धरलेला पॉलिश पेपरने केवळ खरबरीत करावा. उघड्या पडलेल्या लाकडावर प्रथम अस्तर, मग रंगाचे दोन पातळ हात. पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा.