पंधरा मैलांची पट्टी

मंडळी, गोधडी कशी होते हे मी तुम्हाला सांगायला नको. आजीच्या लुगड्याचा काठ, धोतराचा धड राहिलेला तुकडा, धाकट्याचा विटलेला सदरा, असे एकेक जुळवीत दोरा घालीत जायचे. आजची गोष्टही अशा तुकड्यांचीच आहे. फक्त ती घडली दूर अमेरिकेत, आणि तिचा संबंध थंडीशी नसून अणुबाँबशी आहे.

हिरोशिमाचे नाव तुमच्या कानांवर आहेच. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता त्या जपानी शहरावर एक बाँब पडला आणि वर्ष संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे दगावली. एवढे पाहून जग शहाणे व्हावे, नाही का? पण १९८० च्या सुमारास अमेरिका आणि सोव्हिएत रशिया या दोघांच्याच कोठारांत मिळून पन्नास हजारांवर अण्वस्त्रे साठली होती.

हा आकडा ऐकून माणूस काय करतो? खरे सांगायचे तर काहीच करीत नाही. आकडा इतका मोठा असतो की मनात मावत नाही. ‘आपल्या हातात काय आहे?’ म्हणून आपण गुरांना वैरण घालायला उठतो.

कोलोराडो राज्यातील डेन्व्हर शहरी जस्टिन मेरिट नावाच्या बाई राहत. एकेकाळच्या शिक्षिका आणि नातवंडांच्या आजी. हिरोशिमाचे शांतता संग्रहालय त्यांनी पाहिले होते आणि ते त्यांच्या मनातून जात नव्हते. १९८२ साली त्यांनी ठरवले की कापडाची एक लांब पट्टी करायची आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या इमारतीभोवती, म्हणजे पेंटॅगॉनभोवती, ती गुंडाळायची. आपण मुलीच्या बोटाला फीत बांधतो ना, ‘विसरू नकोस हं’ म्हणून? तशीच ही आठवण, सरकारला.

बाईंजवळ पैसा नव्हता, संस्था नव्हती. होती ती नाताळात शुभेच्छापत्रे धाडायच्या ओळखीच्या माणसांची यादी. त्या यादीलाच त्यांनी पत्रे पाठवली. पत्रात काय मागितले ते नीट ऐका, कारण सारी मेख तिथेच आहे. ‘बाँबला विरोध करा’ असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी एक प्रश्न विचारला: अणुयुद्ध झाले तर कोणती गोष्ट कायमची नाहीशी होईल, या विचारानेच तुम्हाला सहन होत नाही? त्याचे उत्तर कापडावर काढा. कापड ३६ इंच लांब, १८ इंच रुंद. आपल्या मापाने दोन हात लांब नि एक हात रुंद.

या मागणीत पक्ष नाही, वाद नाही, भाषण नाही. प्रत्येकाला उत्तर देता येते आणि ते दुसऱ्याला देता येत नाही. कुणी नातवंडांची नावे भरली, कुणी घर, कुणी झाडे, फुले, पाखरे. कशिदा काढा, ठिगळ लावा, रंगवा, विणा, सारे चालत होते. हाताला सफाई असलीच पाहिजे अशी अट नव्हती.

आणखी एक गोष्ट मला मोठी वाटते. सही करायला एक क्षण पुरतो. दोन हात कापड भरायला कित्येक संध्याकाळी लागतात, आणि तितका वेळ तो प्रश्न माणसाच्या मांडीवर पडून राहतो. शेजारीण येते, विचारते, ‘हे काय काढताय?’ सांगावे लागते. मग तीही सुई मागते. पत्रांनी सुरू झालेले काम असेच पुढे पसरले.

गुरुजी, मुलांना हे गणित जरूर घाला. पेंटॅगॉनच्या पाच बाजू, प्रत्येक बाजू ९२१ फूट. तीन फुटांचा एक तुकडा, तर वेढ्याला किती तुकडे हवेत? उत्तर येते १,५३५. प्रत्यक्षात आले सुमारे २५ हजार! त्यांची लांबी किती मैल होते तेही मुलांना काढू द्या.

रविवार, ४ ऑगस्ट १९८५. हिरोशिमाला चाळीस वर्षे पुरी व्हायला दोन दिवस होते. हजारो माणसांनी ही जवळजवळ पंधरा मैलांची पट्टी हातांत धरली. ती पेंटॅगॉनला वेढून, पोटोमॅक नदी ओलांडून, लिंकनच्या स्मारकापासून संसद भवनापर्यंत गेली.

आता कोणी म्हणेल, ‘याने बाँब कमी झाले काय?’ प्रश्न रास्त आहे. पट्टीमुळे एक बाँब कमी झाला असे मी म्हणणार नाही. पुढे करार झाले, साठे पुष्कळ घटले, त्याला कारणे अनेक होती. आजही नऊ देशांकडे मिळून सुमारे बारा हजार अण्वस्त्रे आहेत आणि त्यांत आपला देश व आपला शेजारीही आहे. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देता येत नाही.

पण माणसे कशी जमवावीत, हे मात्र या आजीबाईंकडून शिकावे. आमच्या गावी विहिरीचा गाळ काढायचा होता. ‘सर्वांनी यावे’ अशी दवंडी दिली, आली चार माणसे. पुढल्या आठवड्यात आळीवार दिवस वाटले, प्रत्येक घराला पाट्यांचा आकडा नेमून दिला, गाळ निघाला. सर्वांचे काम ते कुणाचेच नसते, बरं का! वाटा ठरला की तो आपला होतो.

तुमच्या शाळेत हे करायचे असेल तर ६ ऑगस्टच्या दोन महिने आधी लागा. जुने सुती कापड घ्या, नव्याचा खर्च नको. माप सर्वांचे एकच असू द्या, नाहीतर जोडताना पंचाईत होते. प्रश्न मुलांना एकदाच सांगा आणि उत्तर सुचवू नका; पोरगा बैल काढील नाहीतर आई काढील, त्याचे त्याला ठरवू द्या. घरच्या बायकांना बोलवा, गोधडी शिवणाऱ्या हातांना टाके शिकवावे लागत नाहीत. कडा दुमडून शिवा आणि चारी कोपऱ्यांना वीतभर नाड्या लावा. शेवटची गाठ ज्याची त्याने शेजाऱ्याच्या तुकड्याशी स्वतः मारायची.